न्यू जर्सी ‘निळी’ कधीपासून?

अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक आली की टीव्हीवरच्या नकाशात न्यू जर्सी निळी, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या रंगात दिसते. एडिसन, जर्सी सिटीकडे मराठी घरं बरीच, म्हणून भारतातून हमखास विचारणा होते: तुमचं राज्य आधीपासूनच असं का? मुळीच नाही. १९६८ ते १९८८ या सलग सहा निवडणुका इथे रिपब्लिकन उमेदवारांनी जिंकल्या. १९७६ मध्ये देश डेमोक्रॅट कार्टर यांनी जिंकला, न्यू जर्सी मात्र रिपब्लिकन फोर्ड यांच्याकडे राहिली.

सलग निळा रंग १९९२ पासूनचा, तोही सुरुवातीला काठावरचा. क्लिंटन यांना जेमतेम ४३ टक्के मतं होती. अपक्ष पेरो यांनी १५ टक्क्यांवर मतं खाल्ली.

अध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी नव्हे, तर राज्यांना वाटून दिलेल्या इलेक्टोरल मतांनी निवडला जातो. इथली १४ इलेक्टोरल मतं (प्रतिनिधिगृहाच्या १२ जागा अधिक सिनेटच्या २) सगळीच्या सगळी पहिल्या क्रमांकाला जातात, मताधिक्य कितीही असो. १९६० मध्ये केनेडी यांना जेमतेम २२ हजार मतांनी सगळी १६ मिळाली. १८६० मध्ये मात्र वाटणी झाली होती: लिंकन यांना ४, डग्लस यांना ३. १८६४ मध्ये तर लिंकन इथे हरलेच.

म्हणून आमचं आग्रहाचं सांगणं, रंग पाहू नका, फरक पाहा. २०२० मध्ये बायडन सुमारे १६ टक्क्यांनी पुढे होते. २०२४ मध्ये हॅरिस यांची आघाडी ६ टक्क्यांच्या आत आली. पसेइक काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) तर ट्रम्प यांच्याकडे गेली. नकाशावरून हे कळत नाही.

काउंटींचा नकाशाही फसवतो. वायव्येची ससेक्स मोठी, लाल (म्हणजे रिपब्लिकन) आणि विरळ वस्तीची. हडसन क्षेत्रफळाने सर्वांत लहान, पण माणसांनी खच्चून भरलेली. त्यामुळे काउंटीनिहाय मतसंख्या आणि टक्केवारी शेजारी शेजारी मांडूनच तुलना करावी.

आकडे घ्यायचे ते राज्याच्या निवडणूक विभागाने प्रमाणित केलेले. मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपाल शिक्का असलेली मतपत्रिका पुढच्या ६ दिवसांत पोचली तरी इथे मोजली जाते. त्या रात्रीचे आकडे जुन्या निकालांशेजारी ठेवले, तर टपाली मतं उरलेली असतात आणि फरक चुकीचा निघतो.