ओळख असेल तर उधारी, नसेल तर रोख

नाशिकरोडला नोटा छापतात हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. करन्सी नोट प्रेस १९२८ पासून चालू आहे, आमच्या भागात घराआड कोणीतरी प्रेसमध्ये कामाला असतं नाहीतर तिथून रिटायर झालेलं असतं. आणि तरीही ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर याच नाशिकरोडला एटीएमपुढे लांबच लांब लाइनी लागल्या होत्या. आत नव्या पाचशेच्या नोटा छापायचं काम जोरात आणि बाहेर लोकांच्या खिशात भाजीपुरते सुटे नाहीत. चलनातल्या नोटांपैकी किमतीने जवळजवळ ८६ टक्के एका रात्रीत बाद झाल्या होत्या. कांदा चाळीत होता, गहू गोडाऊनमध्ये होता, माणसं कामाला तयार होती, एकही खरी वस्तू कमी झाली नव्हती आणि तरी सगळं अडलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हा विषय आहे, की पैसा आटला तर माणूस किती दिवस तगतो. आणि मला जे उत्तर सापडलंय ते असं, की त्याला आजूबाजूचे किती लोक ओळखतात त्यावर ते ठरतं.

आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांनी त्या दिवसांत उधारीची वही काढली. नंतर द्या हो, कुठं जाताय, असं म्हणून आम्हाला तेल, तूरडाळ, साखर सगळं दिलं. दूधवाल्याचा महिना पुढे गेला, तो काही बोलला नाही. पण त्याच दुकानात शेजारच्या साइटवरची सेंट्रिंगची पोरं यायची, बिहारकडची, आणि त्यांना रोखीशिवाय काही मिळायचं नाही. काकांना मी दोष देत नाही, त्यांनाही घाऊकवाल्याला पैसे द्यायचे होते आणि साइट संपली की ती पोरं कुठं जाणार हे कोणालाच माहीत नव्हतं. पण आम्हाला पैसा नसला तरी चाललं आणि त्यांना एक दिवससुद्धा चाललं नाही, एवढा फरक मी डोळ्यांनी पाहिला.

लासलगावच्या कांदा मार्केटलाही तेच झालं. लिलाव काही दिवस बंद राहिले, मग चेकने पैसे द्यायचं सुरू झालं. शेतकऱ्याच्या हातात विक्रीची पट्टी आणि चेक, पण काढणीच्या मजुरीला, खताला, ट्रॅक्टरच्या भाड्याला लागते रोकड. ज्याचं खतवाल्याशी वर्षानुवर्षांचं खातं होतं त्याने निभावलं. पेठ-सुरगाण्याहून निफाड, दिंडोरीला द्राक्षाच्या कामाला येणाऱ्या मजुराकडे काय असतं? उचल घेतलेली असते ती अंगावर, म्हणजे देणंच, आणि आठवड्याच्या बाजाराला मिळणारी मजुरी. ती थांबली की चूल थांबते.

पैशाशिवाय समाज चालू शकतो असं सांगताना आयर्लंडचं उदाहरण हमखास देतात. १९७० मध्ये तिथल्या मोठ्या बँका कर्मचाऱ्यांशी झालेल्या वादामुळे मे ते नोव्हेंबर बंद होत्या, साडेसहा महिने म्हणजे खेळ नाही. लोक एकमेकांना चेक लिहून द्यायचे आणि ते चेक हातोहात फिरायचे, पबवाले आणि दुकानदार ते घेऊन बदल्यात रोकड द्यायचे, कारण कुठल्या गिऱ्हाइकाचा चेक पुढे वटेल आणि कुठल्याचा नाही हे पबवाल्याला बरोबर माहीत. भारीच गोष्ट आहे ही. पण मला वाचताना सारखं वाटत राहिलं की त्या गावात कालच उतरलेल्या माणसाचा चेक कोणी घेतला असता का?

अर्जेंटिनात तर हे अजून स्पष्ट दिसतं. डिसेंबर २००१ मध्ये सरकारने बँकेतून पैसे काढण्यावर बंधनं घातली आणि लाखो लोक अदलाबदलीच्या क्लबांकडे वळले, केक द्या आणि केस कापून घ्या, स्वेटर द्या आणि भाजी न्या, हिशोबाला क्लबची कुपनं. क्लब लहान होते, लोक एकमेकांना तोंडओळखीने तरी ओळखत होते, तोवर ते छान चाललं. मग गर्दी इतकी वाढली की कोण कोणाला ओळखणार, खोटी कुपनं घुसली, आणि वर्ष सव्वा वर्षात बहुतेक क्लब बसले.

आता यावर आपल्याकडे कोणीतरी म्हणतंच की पूर्वीचं गाव बरं होतं, बलुतं होतं, पैसा लागायचाच नाही. मला हे ऐकवत नाही. बलुत्यातली ओळख जातीची होती, कोणी काय काम करायचं आणि कोणाच्या दारात किती लांब उभं राहायचं हे जन्माआधीच ठरलेलं असायचं. याच नाशकात १९३० साली काळाराम मंदिरात जाता यावं म्हणून सत्याग्रह करावा लागला. ज्यांना त्या ओळखीतून सुटायचं होतं त्यांना पैशानेच सोडवलं, शहरात येऊन मजुरी घेतली, हॉटेलात चहा मागितला, पैसे ठेवले, कोणाचा तू हे कोणी विचारलं नाही. म्हणून पैशावरचं अवलंबन वाईट असं मी सरसकट म्हणणार नाही. अडचण अशी की ज्यांनी मोकळं व्हायला पैसा धरला, तो आटल्यावर त्यांच्यापाशी दुसरं काहीच उरत नाही.

२०२० च्या एप्रिल-मेमध्ये मुंबई-आग्रा हायवेवर आपण हेच पाहिलं. मुंबईकडून कसारा घाट चढून लोक चालत येत होते, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, पुढे यूपी-एमपीपर्यंत जायचं. काम बंद, खोलीभाडं थकलेलं, आणि रेशनकार्ड गावाकडे! एप्रिलपासून माणशी ५ किलो मोफत धान्य जाहीर झालं होतं, पण ते कार्डवाल्यांना. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठी धान्य जाहीर व्हायला मेचा मध्य उजाडला आणि लॉकडाऊन तर २५ मार्चपासून होता. त्या मधल्या सात आठवड्यांत माणसाने काय खायचं? सरकारचं धान्यसुद्धा आधी ओळख मागत होतं. त्यापेक्षा राज्य सरकारची तेव्हाची पाच रुपयांची शिवभोजन थाळी कितीतरी शहाणी म्हणायची, तिथे निदान कार्ड दाखवावं लागत नव्हतं.

मला वाटतं संकटाचे पहिले पंधरा दिवस अन्न कोणालाही कागद न विचारता मिळालं पाहिजे, हे सरकारने आधीच ठरवून ठेवायला हवं, माणसं रस्त्यावर आल्यावर नाही. आणि आपल्या पातळीवर बोलायचं तर आमच्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला मी एक विषय मांडणार आहे, की मेंटेनन्समधून थोडे थोडे बाजूला काढून वॉचमन, झाडूवाल्या मावशी आणि घरकामाला येणाऱ्या सगळ्या बायकांचा दोन महिन्यांचा पगार कायम शिल्लक ठेवायचा. घरकामवाल्या बायका सोसायटीच्या कुठे, त्या तर ज्याच्या त्याच्या घरच्या, असं काही जण म्हणतील. पण एकीची चार घरं बंद झाली की चारही घरं दुसरीकडे बघतात, म्हणून तो पगार एकत्रच ठेवलेला बरा, यावर मी अडून बसणार आहे.