बादलीभर पाणी, महिन्याला पाचशे रुपये आणि गाडी डिटेलिंगचा नाद : माझा अनुभव

मी लातूरला एका मेडिकलवर काउंटरला आहे. पगार १४ हजार, त्यात घरभाडं, मायच्या गोळ्या, लेकराची फी. दोन वर्षांखाली जुनी काळी वॅगनआर घेतली, अर्धे पैसे मामाकडून उसने. गाडी आली आणि तिला आरशासारखी ठेवायचा, म्हणजे डिटेलिंगचा, नाद लागला. बायकोशी बसून ठरवलं, महिन्याला पाचशे रुपये या नादाला, त्याच्यावर एक रुपया नाही. एखाद्या महिन्यात काही घेतलं नाही तर ते पैसे डब्यात पुढं जमा. हा डबाच खरा कामाला आला.

सुरुवातीला सगळे करतात तेच केलं, ऑनलाइन वॅक्स, टायर शाइन, डॅशबोर्ड पॉलिश असं एकदम २३०० रुपयांचं सामान मागवलं, म्हणजे जवळजवळ पाच महिन्याचे पैसे एका दिवशी गेले. वॅक्स लावलं तरी उन्हात गाडी उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसायचेच. त्याला स्वर्ल मार्क म्हणतात हे नंतर कळलं. ते कुठून आले तर आधी ज्या वॉशिंग सेंटरला जात होतो तिथं ट्रॅक्टर पुसलेलं फडकंच माझ्या गाडीवर फिरायचं, आणि घरी मी स्वतः रोज सकाळी कोरड्या कापडानं धूळ झटकायचो. आपल्याकडची धूळ म्हणजे काळ्या मातीची, त्यात बारीक खडा असतोच. कोरडं पुसणं म्हणजे पेंटवर पॉलिश पेपर घासणं. धूळ बसली तर बसू द्या, पण कोरडं पुसू नका, हे मी आता सगळ्यांना सांगतो.

मग पाण्याचा प्रश्न. आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. माय एकदा मला पाइप लावून गाडी धुताना बघून म्हणली, "काय करायलास बाबा हे? रेल्वेनं पाणी आलं होतं गावाला, विसरलास का?" नाही विसरलो. २०१६ ला मांजरा धरण आटलं, पाण्याच्या टाक्यांजवळ १४४ कलम लागलं, एप्रिलमध्ये मिरजेहून जलदूत रेल्वे पाणी घेऊन आली. माय तेव्हा घागर घेऊन टँकरच्या लाइनीत तास तास उभी राहायची. मायनं टोकलं त्या दिवसापासून गाडीला पाइप लावला नाही.

त्याच्यावर उपाय म्हणजे रिन्सलेस वॉश, म्हणजे वरून पाणी ओतून धुवून न काढता नुसतं पुसून गाडी स्वच्छ करायची. बादलीत दहा लिटर पाणी, त्यात दोन-तीन टोपणं रिन्सलेस वॉशचं लिक्विड, आणि आठ-दहा मायक्रोफायबर टॉवेल त्यातच भिजवायचे. आधी त्याच पाण्याचा स्प्रे मारून धूळ ओली करायची, दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग हलक्या हातानं एका दिशेनं पुसायचं. टॉवेलची घडी घातली की आठ बाजू मिळतात, एक बाजू मळली की दुसरी, आणि मळका टॉवेल परत बादलीत बुडवायचा नाही. पावसाळ्यात शेताकडून आल्यावर चिखल असेल तर हे चालत नाही, तेव्हा आधी मग्ग्यानं पाणी मारून चिखल खाली पाडावाच लागतो.

पण आमचं बोअरचं पाणी लई जड. दोनशे रुपयाचा टीडीएस मीटर (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवतो) आणला, त्यानं ११०० च्या वर आकडा दाखवला. असं पाणी पेंटवर वाळलं की क्षाराचे पांढरे डाग पडतात, आणि उन्हात ते खरंच पेंट खातात. पडलेल्या डागांना पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं अर्धं करून सावलीत लावलं, मिनिटभरानं पुसून पाण्यानं काढलं, बरेचसे गेले. कुणीतरी सांगितलं आरओचं वाया जाणारं पाणी वापर. ते अजिबात करू नका, त्यात क्षार अजून जास्त असतात. मला उत्तर दुकानातच सापडलं. एसीच्या नळीतून गळणारं पाणी मोजलं तर मीटरवर २० पण नाही! हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी ते, क्षार येणार कुठून. शेठला विचारून नळीखाली कॅन लावला, आता शेवटचा हात त्याच पाण्याचा, डाग शून्य, खर्च शून्य.

ओरखडे काढायला मशीन पाहिजे होतं, आणि डब्यात होते अकराशे. तेव्हा दसरा आला. खंडेनवमीला गाडीची पूजा म्हणल्यावर गल्लीत सगळ्यांनाच गाडी स्वच्छ पाहिजे. पाच गाड्या आतून-बाहेरून केल्या, प्रत्येकी पाचशे घेतले. आतल्या कामाला महागाचं काही लागत नाही, एसीच्या जाळीला रंगाचा एक इंची ब्रश आणि डॅशबोर्डला नुसतं ओलं मायक्रोफायबर. चकचकीत पॉलिश मारलं की धूळ चिकटती. प्रत्येकाला एकच विनंती केली, कुंकवाचं स्वस्तिक काचेवर काढा, बॉनेटवर नको, ओलं कुंकू पेंटवर राहिलं की डाग सोडतं.

ते अडीच हजार, डब्यातले अकराशे आणि उरलेले दोन मित्रांचे, असं तिघांत मिळून ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर (पॅड गोल फिरता फिरता हलतं असं पॉलिशचं मशीन) घेतलं. रोटरी (ज्याचं पॅड नुसतं एका जागी गोल फिरतं) मुद्दाम नाही घेतलं, त्यात उष्णता लवकर वाढती आणि शिकाऊ हातानं पेंट जळतो. वरचा क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसापेक्षा पातळ, एकदा गेला की परत येत नाही. म्हणून रबराला आणि कडांना मास्किंग टेप, आणि आधी हातभर जागेवर सगळ्यात मऊ पॅड न् बारीक पॉलिशनं ट्रायल. दोन वेळा फिरवून आयसोप्रोपिल अल्कोहोल पाणी घालून पातळ केलेलं, त्यानं पुसून बघितलं (ते आपल्या मेडिकललाच मिळतं), कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे लपवतं, खरं काय निघालं ते तेल गेल्यावरच कळतं.

बॉनेटला एक रविवार, छताला दुसरा, असे चार रविवार लागले. खोल ओरखडे दोन-तीन तसेच सोडले, तेवढ्यासाठी क्लिअरकोट कमी करायचा नव्हता. शेवटच्या दिवशी सीलंट (पेंटवर संरक्षणाचा थर देणारं लिक्विड) लावलं आणि संध्याकाळी मायला बाहेर बोलावलं. ती बॉनेटमध्ये बघून पदर नीट करायली, काही बोलली नाही, मग विचारलं, "पाणी किती लागलं?" म्हणलं, एक बादली. "मग कर," म्हणली.

आता थंडीत एसी बंद राहील म्हणून वीस लिटरचे तीन कॅन भरून जिन्याखाली ठेवलेत. साखर कारखाने सुरू झाले की बगॅसची (उसाच्या चिपाडाची) काजळी गाडीवर पडायला लागती, तिला तर हात लावायच्या आधी स्प्रे मारावाच लागतो. डब्यात सध्या ३४० रुपये आहेत, पुढच्या महिन्यात दोन टॉवेल घ्यायचेत.