स्टेपनी होती, हवा नव्हती

पहिल्या लांबच्या प्रवासाची माझी तयारी म्हणजे आदल्या संध्याकाळी गाडी धुणं आणि टाकी फुल करणं. निघाल्यावर चौथ्या तासाला मागचं टायर बसलं. स्टेपनी बाहेर काढली, तर तीही अंगठ्याने दाबली की आत जात होती. गाडी घेतल्यापासून तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. मदत येईपर्यंत दोन तास हायवेच्या कडेला काढले.

यंदा नऊशे किलोमीटर जायचं ठरलं तेव्हा स्वतःला एकच नियम घातला. जी वस्तू 'गाडीत आहे' असं आपण म्हणतो, ती एकदा घरी वापरून बघायची.

सुरुवात अर्थात टायरपासून. एका रविवारी घराखालीच चाक बदलून पाहिलं. पहिल्याच नटाला अडकलो, कारण आधी जॅकवर गाडी उचलली आणि मग पाना लावला. चाकच फिरायला लागलं. नट आधी थोडे सैल करायचे आणि मग गाडी उचलायची, हे मला तेव्हा कळलं. आवळताना एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आवळायचे, म्हणजे चाक नीट बसतं. पाऊण तास गेला, पण अंधारात आणि ट्रकच्या वाऱ्यात शिकण्यापेक्षा बरं.

हवेचा आकडा मी इतकी वर्षं टायरच्या कडेवर वाचत होतो. तो टायर जास्तीत जास्त किती दाब सोसेल त्याचा आकडा असतो. आपल्या गाडीसाठीचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा टाकीच्या झाकणाच्या आत असतो, आणि भरल्या गाडीसाठी तो बहुतेकदा वेगळा दिलेला असतो. हवा तपासायची ती टायर थंड असताना, कारण चालून गरम झालेलं टायर जास्तच दाखवतं. टायरच्या कडेवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार अंक असतात. ३२१७ म्हणजे २०१७ सालचा ३२ वा आठवडा. माझ्या दोन टायरांच्या खाचा छान होत्या, पण वय झालेलं होतं आणि रबराला बारीक भेगा पडल्या होत्या. बदलले.

सर्व्हिसिंग निघायच्या दहा दिवस आधी केलं, आदल्या दिवशी नाही. हे शहाणपण कुणी शिकवलेलं नव्हतं, गॅरेजमध्ये तारीखच ती मिळाली. पण त्यामुळेच वाचलो. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली ओलसर डाग दिसला. कूलंटच्या पाइपची क्लिप नीट आवळली गेली नव्हती. हाच डाग चारशे किलोमीटरवर पडला असता तर इंजिन तापल्यावरच समजलं असतं. (आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही. आतलं उकळतं पाणी दाबाखाली असतं, ते थेट अंगावर येतं.)

मग सगळं सामान खरंच भरलं, माणसं बसवली आणि रात्री एक चक्कर मारली. घरचे हसले. पण दोन गोष्टी दिसल्या. मागच्या काचेतून काहीच दिसत नव्हतं, आणि मागचा भाग खाली बसल्यामुळे हेडलाइट समोरच्यांच्या डोळ्यांत जात होते. स्टिअरिंगजवळ ०, १, २ असे आकडे असलेली छोटी चकती असते ना, तिचं काम हेच. आकडा वाढवला की झोत खाली येतो. जड बॅगा डिकीत तळाला, मागच्या सीटला टेकवून ठेवल्या. काचेजवळच्या फळीवर काहीही ठेवलं नाही. जोरात ब्रेक लागला की तिथली पाण्याची बाटली थेट डोक्यावर येते.

नकाशा डाउनलोड केलेला होता. नेट बंद करून पाहिलं तर शेवटचे दीडशे किलोमीटर त्यात नव्हतेच.

झोपेची मात्र रंगीत तालीम होत नाही. पूर्वी पहाटे तीनला निघण्याचा मला अभिमान वाटायचा. खरं तर मध्यरात्रीनंतरपासून पहाटेपर्यंत शरीर सर्वांत सुस्त असतं, आणि पुन्हा दुपारी. ताशी शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला तर शंभराहून जास्त मीटर ती चालकाविना धावते. म्हणून यंदा पूर्ण झोप काढून सकाळी सातला निघालो आणि दर दोन तासांनी उतरलो. दुपारी पापण्या जड झाल्या तेव्हा कॉफी पिऊन लगेच सीट मागे टाकली आणि वीस मिनिटं झोपलो. कॉफीचा असर व्हायला साधारण अर्धा तास लागतो, त्यामुळे जाग येते तेव्हा दोन्ही कामी आलेलं असतं. गाणी मोठ्याने लावणं, काच खाली करणं, हे सगळं मनाचं समाधान.

एवढं करून वायपर राहिलेच. काच धुताना फिरत होते, म्हणून बरे समजलो होतो. सहाव्या तासाला धो धो पाऊस आला आणि कडक झालेल्या रबराने काचेवर पाणी नुसतं फासलं. पेट्रोल पंपावर गाडी लावली. शेजारच्या दुकानात नवीन ब्लेड मिळाली, पण ती बसवायची कशी, हे घरी करून पाहिलेलं नव्हतं.