अडीच आणि सव्वाचार

बहुतेक समीकरणं नुसती बघून काही कळत नाहीत. सोडवायला बसावं लागतं, पानभर आकडेमोड करावी लागते, तेव्हा कुठं आत काय दडलंय ते बाहेर येतं. पण एक जात अशी आहे, की तिचे सहगुणक, म्हणजे क्षच्या घातांना लागलेले आकडे, डावीकडून वाचत जा नाहीतर उजवीकडून वाचत या, वाचन तेच. ८, उणे ५४, १०१, उणे ५४, ८. हे चौथ्या कोटीचं समीकरण: आधी क्षचा चौथा घात, मग तिसरा, दुसरा, पहिला, आणि शेवटी नुसता आकडा. या सगळ्या पदांची बेरीज शून्य. चौथी कोटी म्हटलं की पोरांचे चेहरे उतरतात. पण इथं घाबरण्याआधी जरा त्या रांगेकडं बघत बसावं, असं माझं मत आहे. बघत बसणं हा गणिताचाच भाग आहे. परीक्षेत त्याला मार्क नसतात, म्हणून तो कुणी शिकवत नाही, एवढंच.

यांना रेसिप्रोकल इक्वेशन म्हणतात. आमच्याकडं दहावीपर्यंत मराठी आणि पी.यू.सी.पासून, म्हणजे अकरावीपासून, सगळं इंग्रजीत, त्यामुळं बी.एस्सी.ला आलेली पोरं ‘रेसिप्रोकल’च म्हणतात आणि शिकवणीत मीही तेच म्हणतो. आमच्या वेळी हा धडा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून आला. २०१० साली बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, मार्कलिस्टवरचं नाव बदललं. धडा होता तसाच आहे.

बेळगावच्या वडगाव-खासबागेत अजूनही काही गल्ल्यांत शिरलं, की यंत्रमागांची खडखड आधी कानावर येते, माणसं मागनं दिसतात. तिथल्याच एका विणकराच्या घरचा मुलगा माझ्याकडं येतो. फळ्यावर मी ही रांग लिहिली, तसा तो म्हणाला, “सर, हे आमच्या काठासारखं झालं की!” मग त्यानं वहीच्या मागच्या पानावर मला साडीचा ताणा काढून दाखवला. बाहेरच्या कडेला इतके धागे एका रंगाचे, मग इतके जरीचे, मग पुन्हा रंगाचे, मग अंग सुरू. पलीकडच्या काठाला तीच मोजणी, फक्त उलट्या क्रमानं, म्हणजे कडेपासून मोजत आलं तर तीच. “एका काठाचा हिशोब चिठ्ठीवर लिहिला की दुसऱ्याचा लिहायला लागत नाही,” तो म्हणाला. मी खडू खाली ठेवला. या धड्यात यापेक्षा जास्त काही नाही. अर्धा हिशोब केला की उरलेला अर्धा फुकटात मिळतो.

तो फुकटात का मिळतो, ते मात्र बघायला हवं. क्षच्या जागी त्याचा गुणाकार व्यस्त, म्हणजे एक छेद क्ष, घाला. छेद घालवायला सगळ्या पदांना क्षच्या चौथ्या घातानं गुणा. काय होतं? सहगुणकांची रांग उलटी होते. आता जी रांग उलटी केली तरी तीच राहते, तिचं समीकरणही तेच राहणार. म्हणजे एखादी संख्या याचं मूळ असेल, क्षच्या जागी घातल्यावर समीकरण जुळत असेल, तर तिचा व्यस्तही मूळ असलाच पाहिजे. २ निघाले तर अर्धा आहेच, ४ निघाले तर पाव आहेच. मुळं एकेकटी येत नाहीत, जोडीनं येतात. म्हणून क्षला शोधत न बसता जोडीला शोधायचं: क्ष अधिक एक छेद क्ष, याला य म्हणायचं.

गाइडमध्ये पहिलीच ओळ असते, “क्षच्या वर्गानं भागा.” का भागायचं, भागता येतं का, कुणी विचारत नाही. भागता येतं, कारण क्ष शून्य असूच शकत नाही. शून्य घातलं तर ८ बरोबर ० असं काहीतरी भलतंच उरतं. आणि भागायचं अशासाठी, की मधलं पद, १०१, मोकळं होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सारखी पदं समोरासमोर येऊन बसतात. क्षचा वर्ग आणि त्याच्या व्यस्ताचा वर्ग यांची बेरीज म्हणजे यचा वर्ग उणे दोन. हे ‘उणे दोन’ पोरं हमखास गाळतात. त्यात त्यांचा तरी काय दोष, वर्ग करताना मधलं पद विसरायची सवय आठवीपासूनची.

तर ८ गुणिले (यचा वर्ग उणे २), उणे ५४ य, अधिक १०१. आवरून घेतलं की ८ यवर्ग उणे ५४ य अधिक ८५ बरोबर ०. साधं वर्गसमीकरण, दहावीतलं. विवेचक १९६, त्याचं वर्गमूळ १४. यच्या दोन किमती आल्या: पाच छेद दोन आणि सतरा छेद चार. आता पुस्तक सांगतं, की प्रत्येक किमतीसाठी पुन्हा एकेक वर्गसमीकरण सोडवा. सोडवा की, कोण नको म्हणतो! पण खडेबाजारात भाजी घेणाऱ्या कुठल्याही बाईला हे दोन आकडे तोंडी सांगा. अडीच आणि सव्वाचार. दोन आणि अर्धा, चार आणि पाव. चारही मुळं समोर उभी. आकडे मी मुद्दाम असे निवडलेत, हे खरं. परीक्षेत इतकं सरळ येत नाही.

विषम कोटीचं असलं तर आणखी सोपं. २, उणे ३, उणे ३, २ असं तिसऱ्या कोटीचं घ्या. क्षला उणे १ घाला, समोरासमोरची पदं एकमेकांना खाऊन टाकतात. उणे १ हे मूळ तिथं ठरलेलंच. तो अवयव बाजूला काढला की उरतं ते सम कोटीचं. चिन्हं उलटी असतील, म्हणजे डावीकडं अधिक तर उजवीकडं उणे, तर ठरलेलं मूळ अधिक १. मग एका झटक्यात कुठवर जाता येतं? नवव्या कोटीचं असलं तरी एक मूळ आयतं, उरलं आठव्याचं, ते यमध्ये चौथ्याचं, आणि चौथ्या कोटीची रीत कार्दानो या इटालियन गणितज्ञाच्या ग्रंथात १५४५ पासून छापलेली आहे. दहाव्या कोटीला मात्र गाडी अडते. यमध्ये पाचवी कोटी उरते, आणि पाचव्या कोटीला मूळचिन्हांचं, म्हणजे वर्गमूळ-घनमूळ वगैरे वापरून केलेलं, सरसकट सूत्र नसतं, हे नॉर्वेच्या आबेल या गणितज्ञानं १८२४ मध्ये दाखवून दिलंय.

मला स्वतःला यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. शून्य सोडून कुठल्याही वास्तव संख्येत तिचा व्यस्त मिळवा, बेरीज उणे २ आणि अधिक २ यांच्या मधे कधीच पडत नाही. १ ला २ मिळतात, बाकी धन संख्यांना त्याहून जास्तच. त्यामुळं य या दोघांच्या मधे आला, की समजायचं, क्ष वास्तव नाही, संमिश्र आहे, आणि तो संमिश्र संख्यांच्या प्रतलात शून्याभोवतीच्या एक त्रिज्येच्या वर्तुळावर जाऊन बसलाय. सहगुणक १, १, १, १, १ घेऊन बघा. यवर्ग अधिक य उणे १ बरोबर ०. यच्या किमती ०.६१८ आणि उणे १.६१८ च्या आसपास, दोन्ही त्या पट्ट्यात. चारही मुळं वर्तुळावर, आणि त्यांच्या जोडीला १ ठेवला की नियमित पंचकोन तयार. नुसत्या वर्गमुळांवर काम निभतं, म्हणून पंचकोन पट्टी-कंपासनं काढता येतो. सात एकांची रांग घेतली तर यमध्ये तिसरी कोटी उरते आणि वर्गमुळांनी ती सुटत नाही, म्हणून सप्तकोन तसा काढता येत नाही. सतरा बाजूंचा मात्र येतो. हे गाउस या जर्मन गणितज्ञाच्या लक्षात १७९६ मध्ये आलं, तेव्हा तो एकोणीस वर्षांचाही नव्हता.

आणि गाउसच्या साडेनऊशे वर्षं आधी, आपल्याच कर्नाटकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. या ग्रंथात काही गुणाकार असे दिलेत, की उत्तर दोन्हीकडून सारखंच वाचलं जावं. त्या उत्तरांना ते गळ्यातला हार म्हणतात. त्यातला एक: २७९९४६८१ गुणिले ४४१. मी हे फळ्यावर लिहिलं आणि पोरांनी मोबाइल काढले. उत्तर १२३४५६५४३२१. थोडा वेळ वर्गात कुणी काही बोललं नाही, मग एकानं पुन्हा गुणून बघितलं, मोबाइलवर विश्वास नसल्यासारखं.

महावीराचार्यांनी हा हार संख्या म्हणून दिलाय, समीकरण म्हणून नव्हे. पण आम्ही हे आकडे सहगुणक म्हणून मांडले. कोटी दहावी. म्हणजे यमध्ये पाचवी, जिथं आबेल दारात उभा. पोरं म्हणाली, “सर, सुटणार नाही.” पण ही संख्या म्हणजे १११११ च्या पुढं आणखी एक १ लावला की होणाऱ्या संख्येचा वर्ग, त्यामुळं अवयव पडतात आणि ते पाचव्या कोटीचं समीकरण अगदी गरीब गाय निघतं. यच्या किमती उणे २, मग उणे १ दोनदा आणि १ दोनदा. शेवटच्या चार पट्ट्याच्या आत, म्हणून त्यांची मुळं वर्तुळावर. वास्तव मूळ एकच, उणे १, तेही दोनदा मोजलेलं. “एवढ्या लांब हाराला एवढंच, सर?” असं विणकराचं पोर म्हणालं. हे परीक्षेत विचारत नाहीत असं मी लगोलग सांगून टाकलं, तर निम्म्या वह्या मिटल्या, आणि उरलेल्या निम्म्यांनी ४४१ च्या जागी दुसरा आकडा घालून बघायला सुरुवात केली.