निवेदक आणि सोंगाड्या, गळा एकच

बुधवार, रात्र

आठवडाभर जेवणं उरकली की ‘ड्रॅगन बॉल झेड’ ही कार्टून मालिका मूळ जपानीत बघतोय. बघतोय कसला, ऐकतोयच जास्त, आणि तेही एका माणसाला. जोजी यानामी. १९८६ साली मूळ ‘ड्रॅगन बॉल’ सुरू झालं, तेव्हापासूनचे निवेदक. मागच्या भागात काय घडलं ते सांगायचं, आता नायकाचं, गोकूचं, काय होणार म्हणून घोर लावायचा आणि बाजूला व्हायचं.

पण हा गृहस्थ बाजूला होतच नाही. गोकू मेल्यावर ज्याच्याकडे विद्या शिकायला जातो, तो काइओ नावाचा देवही यानामीच. गोल काळा चष्मा, मिशा, आणि फुटकळ विनोदांचं भयंकर वेड. मला हसवलंस तरच शिकवीन म्हणतो! गोकूची मैत्रीण बुल्मा, तिचा शास्त्रज्ञ बाप तोच. पुढे येणारा खुनशी जादूगार बाबिडीही तोच. नाटकातल्या सूत्रधारानेच मध्येच विदूषकाची टोपी चढवावी, असा प्रकार. निवेदन करताना आवाज घरातल्या वडीलधाऱ्यासारखा, ऊबदार. काइओ झाला की तोच गळा म्हातारा, किरकिरा. ओळखू येतो, तरी खटकत नाही. मला ही कमाल वाटते. आवाज बदलणारे पुष्कळ असतात. याने तो फारसा बदललेलाच नाही, बदलली आहे ती गंमत करायची तऱ्हा.

जन्म १९३१चा. म्हणजे निवेदनाचं हे काम हाती आलं तेव्हा चोपन्न वर्षांचे. त्याआधी ‘माझिंगर झेड’ या यंत्रमानवाच्या कार्टून मालिकेतले प्राध्यापक युमी झाले होते. आणि १९७७चं ‘याटरमॅन’! त्यात तीन चोर दर आठवड्याला हरतात आणि एकाच सायकलवर बसून पळतात. यंत्रं बनवणारा लाळघोट्या बोयाकी म्हणजे यानामी. म्होरकी बाई नोरिको ओहारा, दांडगा गडी काझुया तातेकाबे. पुढे १९७९पासून २००५पर्यंत जपानी ‘डोरेमॉन’मध्ये नोबिता आणि जियान झाले ते हेच दोघे. आपल्याकडच्या पोरांना ती पात्रं हिंदीतून पाठ, पण मूळ रडका नोबिता इकडे चोरांची राणी होता, हे भाचीला सांगितलं तर ती मला वेड्यात काढेल. २००८ला ‘याटरमॅन’ नव्याने आलं, तेव्हाही हे त्रिकूट तसंच उभं राहिलं. यानामी शहात्तर वर्षांचे. काय तो उत्साह.

गोकूचा आवाज मासाको नोझावा यांचा. त्यांच्यावर लोक भरभरून लिहितात, आणि लिहावंच. निवेदकाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. कथा पुढे सरकली की तो विसरला जातो. मला तरी तेच काम जास्त अवघड वाटतं.

२०१५मध्ये यानामींनी प्रकृतीमुळे काम थांबवलं. २०२१च्या डिसेंबरात, नव्वदाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या जागी २०१५मध्येच आले होते नाओकी तात्सुता, म्हणजे पहिल्यापासून ऊलाँग डुकराचा आवाज काढणारे. आणि निर्मात्यांनी निवेदन एकाला, काइओ दुसऱ्याला अशी वाटणी केली नाही. दोन्ही तात्सुतांनाच दिलं.