दातांची खुर्ची आहे, मग दात फक्त उपटतात का?

तालुक्याच्या बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत दातांची खुर्ची असते, तरी अनेक ठिकाणी कीड भरून मिळत नाही, दात तेवढा काढून मिळतो. जो दात वाचला असता तो गरिबाने गमवायचा, हे मान्य करू नका.

पण 'दंतसेवा सुधारा' एवढ्या निवेदनाने काही हलत नाही. आधी नेमकं काय अडलंय ते शोधा. डॉक्टरचं पद रिकामं आहे, भरण्याचं सिमेंट संपलंय, की ड्रिलला दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बिघडलाय? कॉम्प्रेसरच्या टाकीत हवेतलं पाणी साचतं. ते नियमित काढलं नाही तर नळीतून हँडपीसमध्ये, म्हणजे ड्रिलच्या हातात धरायच्या भागात जातं, बेअरिंग गंजतं, ड्रिल थांबतं. ड्रिल नाही म्हणजे कीड कोरता येत नाही, उरतो चिमटा.

माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून द्या. एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'का' विचारलंत तर उत्तर टाळता येतं, म्हणून नोंदींच्या प्रती मागा: वर्षभरात काढलेले आणि भरलेले दात, महिनावार, मंजूर व भरलेली पदं, दुरुस्तीचा पत्रव्यवहार. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

किरकोळ दुरुस्ती आणि साहित्याची मागणी रुग्णालयाचा किरकोळ खर्च पाहणाऱ्या रुग्ण कल्याण समितीकडे न्या, रिक्त पदाची जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. दोन्ही एकाच पत्रात घातल्या की पत्र टेबलावरून टेबलावर फिरत राहतं. प्रत्येक पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्याच.