दोनदा पडणारे टोल

शनिवार, रात्री

जुनी फ्रेंच घड्याळं म्हटलं की सोन्याचा मुलामा दिलेली, श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली घड्याळं आठवतात. त्यांची कारागिरी अव्वलच. पण माझा जीव जडलाय तो शेतकऱ्यांच्या घरात भिंतीशी उभ्या असणाऱ्या 'कोंत्वाज'वर.

आज इथे पूर्व फ्रान्समधल्या बेझांसों शहरात एका घड्याळजींकडे असं एक उघडलेलं पाहायला मिळालं. लोखंडी पट्ट्यांचा चौकोनी सांगाडा, डोक्यावर घंटा, आत चाकांच्या दोन रांगा शेजारी शेजारी: एक वेळेची, एक टोलांची. बाजूचा पत्रा काढला की सगळं यंत्र हाताशी. त्यांनी काडीच्या टोकावर तेलाचा थेंब घेऊन थेट आसाच्या छिद्रात सोडला, काहीही न खोलता.

बोलण्याच्या नादात चारचे टोल पडले, मोजायचे राहिले. दोन मिनिटांनी तेच चार टोल पुन्हा! गोठ्यात, परसात कामाला लागलेल्या माणसाचे पहिले टोल हुकले, तर दुसऱ्यांदा त्याला मोजता यावेत. समोरच्याचा इतका विचार करणारं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

ही घड्याळं झ्युरा डोंगरातल्या मोर्बिए आणि मोरे या गावांकडची. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ती बनत राहिली. हिवाळ्यात बर्फ पडलं की शेती बंद, मग घराघरांत चाकांचे दाते कापले जायचे. पुष्कळदा नुसतं यंत्रच विकलं जायचं. उंच लाकडी पेटी घेणाऱ्याच्या गावचा सुतार करायचा. म्हणून कुठली पेटी सरळसोट, तर कुठली व्हायोलिनसारखी पोटाशी फुगलेली.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. पांढऱ्या मीनाकामाच्या तबकडीवर नाव असतं ते बहुतेक वेळा विकणाऱ्याचं आणि त्याच्या गावाचं. ज्याने कानशीने दाते घासले, त्याचं नाव नाही. तबकडीवर त्याच्यासाठी जागा नक्कीच होती.

आजच्या घड्याळाचं एक छिद्र झिजून लांबट झालंय, त्यामुळे चाक कलतं. बाकी सगळं ठणठणीत. वजनं वर चढवली की आठवडाभर चालतं. पुढच्या शनिवारी ते छिद्र मोठं करून त्यात पितळी बुश, म्हणजे आस फिरायला छोटी नळी, ठोकणार आहेत. बघायला ये म्हणालेत. जाणारच.